सत्तेचाळिसावं कलम

"अगं बर्निस, नटी झालीस की तू! ये बघायला, माझ्या टपालपेटीत पडलीयेस!"

मी कुंपणावरून ओरडले तेव्हा बर्निस पिलार्स्की तिच्या अंगणातली पानं गोळा करत होती. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार होता. माझ्या हातात पोस्टानं आलेलं एक गुळगुळीत कार्ड होतं, चांगलं वहीच्या पानाएवढं. त्यावर बर्निस होती. ती काम करते त्या सिटी होमचा निळा अंगरखा घातलेली, चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हातारीशेजारी गुडघ्यांवर बसून हसणारी. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'ज्यांनी आपल्याला वाढवलं, त्यांच्यासाठी सहाव्या दुरुस्तीला हो म्हणा.'

बर्निस पँटला हात पुसत आली. कार्ड लांब धरून तिनं डोळे बारीक केले.

"हा तर जुलैतला फोटो! होमच्या बातमीपत्रासाठी काढतोय म्हणाले होते. शी, केस बघ माझे. निदान विंचरू तरी द्यायचे."

"जाऊ दे गं, चांगली दिसतेस. लिओला सांग, जपून राहा म्हणावं आता."

आम्ही दोघी खूप हसलो. ते कार्ड मी फ्रिजवर लावलं. मी शाळेची बस चालवते, माझा फोटो कुणी कशावर छापणार नाही. शेजारणीचा छापला याचंच मला कौतुक वाटलं. मागचा बारीक मजकूर मी वाचला नव्हता. तिनंही नाही.

बर्निसला तेव्हा चौपन्नावं चाललं होतं. ऑटर बेच्या सिटी होममध्ये ती एकोणतीस वर्षं आया होती. ते शहराच्या मालकीचं म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह, सरोवराच्या काठावरची दोन मजली विटांची इमारत. आम्ही सगळे त्याला नुसतं 'होम' म्हणायचो. तिथं माणसांना उचलायचं, कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, नखं कापायची, हे तिचं काम. नवरा लिओ खनिजाच्या धक्क्यावर, जहाजांत खनिज भरता भरता, पाठ मोडून घरी बसलेला. मूलबाळ नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. आणखी एक गोष्ट मला माहीत आहे, ती माझी आई तिथं होती म्हणून. शौचाचं भांडं कुणाच्या अंगाखाली सरकवायच्या आधी बर्निस ते गरम पाण्याच्या नळाखाली धरून कोमट करायची. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं. दुसरं कुणी तसं करतही नव्हतं.

त्या कार्डात काय आहे हे तिला सोमवारी कळलं. आर्वो लाहती या म्हाताऱ्याला ती रोज जेवणानंतर त्याचं टपाल वाचून दाखवायची. आर्वो अठ्ठ्याऐंशीचा. सगळा जन्म खनिजाच्या धक्क्यावर गेलेला, आणि साखरेच्या आजारानं डोळे पूर्ण गेलेले.

"काय आलंय आज?" त्यानं विचारलं.

"भाचीचं पत्र आहे. आणि मी आलेय."

"तू तर रोजच येतेस."

"छापून आलेय, मिस्टर लाहती. ऐका." आणि तिनं हसत हसत कार्ड वाचलं. दर्शनी बाजू झाल्यावर मागची बाजू वाचली. तिथं मतपत्रिकेवर येणारा प्रश्न बारीक अक्षरांत जसाच्या तसा दिला होता.

"'शहरातील ज्येष्ठ नागरिकांच्या सेवेचा दर्जा उंचावण्यासाठी व सदर सेवेचे आधुनिकीकरण करण्यासाठी, शहराच्या सनदेच्या कलम सत्तेचाळीसमधील कालबाह्य निर्बंध दूर करून तत्संबंधीचे निर्णय योग्य प्राधिकाऱ्यांकडे सोपविण्यात यावेत काय?'"

आर्वोनं मान खाली घातली होती. झोप लागली असेल म्हणून ती उठायला लागली.

"कितवं कलम म्हणालीस?"

"सत्तेचाळीस."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. त्यानं खुर्चीच्या हातांवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले.

"ते कलम आमचं आहे, पोरी. एक्कावन्न सालचं. तेव्हाची कौन्सिल ही इमारत हॉटेलवाल्याच्या घशात घालायला निघाली होती. सरोवर दिसतं ना खिडकीतून. धक्क्यावरचे आम्ही अकरा जण फेब्रुवारीत दारोदार सह्या मागत हिंडलो. हा कान बघ, याचं टोक त्या थंडीत गेलं. मग मतदान झालं आणि सनदेत, शहराच्या मूळ कायद्यात, घातलं. 'शहराचे होम लोकांच्या मताशिवाय विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, फुकट देऊनही टाकता येणार नाही.' ते फुकटचं मी घालायला लावलं. वकील हसला होता मला."

"मग कालबाह्य निर्बंध म्हणजे?"

"म्हणजे तेच. लोकांना विचारतायत, की यापुढे तुम्हाला विचारायचं नाही, चालेल ना?"

बर्निसनं कार्ड उलटं करून स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं नंतर मला सांगितलं, "लोइस, लहानपणी एकदा दूध म्हणून नासलेलं ताक प्यायले होते बघ. घोट खाली गेल्यावर कळलं होतं. तसं झालं."

त्याच दुपारी ती होमचे प्रशासक मिस्टर रँडल यांच्या खोलीत गेली. रँडल चाळिशीच्या आतला, बाहेरच्या शहरातून दोन वर्षांपूर्वी आलेला. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायचा आणि बोलताना डोकं एका बाजूला कलतं धरायचा.

"बसा ना बर्निस. काय सुंदर आलाय फोटो! माझ्या बायकोनं ओळखलं तुम्हाला."

"हा बातमीपत्रासाठी काढला होता."

"बातमीपत्रातही येईल की."

"होम विकणारेत का?"

"विकणार कोण म्हणालं? शब्द कुठं आहे त्यात विकण्याचा? दाखवा मला." त्यानं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. "शक्यता तपासायला कौन्सिलला मोकळीक हवीय, एवढंच. सेहेचाळीस वर्षांपूर्वीचं कलम आहे ते."

"माझा फोटो काढून टाका यावरून."

"कार्ड नागरिक समितीनं छापलंय, मी नाही. आणि तुम्ही सही केलीयेत, बर्निस." त्याच्याकडे कागद तयार होता. फोटोच्या दिवशी न्याहारीच्या गडबडीत तिच्यापुढे धरलेला कागद. 'कोणत्याही प्रसिद्धी-कार्यासाठी.' सही तिचीच होती, घाईतली, शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलेलं. "आणि एक मित्र म्हणून सांगतो, कामाच्या वेळेत राजकारण केलं तर नियमानं मला कारवाई करावी लागते. तुमच्यासारख्या बाईवर ती वेळ येऊ नये."

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "तुमच्याइतकं या लोकांवर प्रेम कुणाचंच नाही, आम्हाला ठाऊक आहे ते."

"प्रेम?" घरी लिओ ओरडला. "हरामखोर. तुझं थोबाड वापरलं आणि वर प्रेम! तू पेपरला लिही. मी सांगतो, तू लिही."

दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. लिओ सांगायचा, ती खोडायची. शेवटी एका पानाचं पत्र झालं. पुढच्या गुरुवारी ते पेपरात आलं. निम्मं कापलेलं. तिनं होममध्ये एकोणतीस वर्षं काढली, तिथल्या म्हाताऱ्यांना ती आपली माणसं मानते, त्यांना चांगली सेवा मिळालीच पाहिजे, एवढं राहिलं होतं. विकण्याचा परिच्छेद 'जागेअभावी' गेला होता. वर मथळा, 'होमच्या सेविकेची कळकळ'. आणि शेजारी कुणाला शंका नको म्हणून कार्डावरचाच फोटो.

मी ते पत्र वाचलं आणि तिनं दुरुस्तीच्या बाजूनंच लिहिलंय असं समजले. म्हणजे कार्डाच्या बाजूनं. कुंपणाशी मी तिला म्हटलंसुद्धा, "छान लिहिलंयस गं."

तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं. आर्वोचं, रँडलचं, कापलेल्या परिच्छेदाचं. मी ऐकलं. "शी, काय माणसं आहेत," असंही म्हणाले. मग बसची वेळ झाली म्हणून मी गेले. कार्ड फ्रिजवर तसंच राहिलं. ते काढायला हवं हे मला सुचलं नाही, हे मी आज लपवत नाही.

मतदानाआधीच्या मंगळवारी कौन्सिलची सभा होती. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. बर्निस थेट कामावरून गेली, अंगात निळा अंगरखा तसाच. मी सोबत गेले होते. तिनं कागदावर लिहून आणलं होतं, पण माइकपुढे उभी राहिल्यावर ती आधी आपण कोण, कुठं राहतो, किती वर्षं काम करतो हेच सांगत बसली. आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती. दोन मिनिटं त्यातच गेली. मग म्हणाली, "त्या कार्डावर मी आहे, पण त्यातलं मी म्हटलेलं नाही. सत्तेचाळिसावं कलम म्हणजे..." आणि टेबलावरचा तांबडा दिवा लागला.

"वेळ संपली," अध्यक्षबाई गोड आवाजात म्हणाल्या. "पण मला वाटतं, तुमच्यासारख्यांमुळेच आपलं होम उभं आहे. मी तर म्हणेन, आपण सगळे बर्निससाठी टाळ्या वाजवू या."

आणि सातही सभासदांनी टाळ्या वाजवल्या. मागं बसलेल्यांनीही. दोघे-तिघे तर उभे राहिले. बर्निस माइकपाशी तो कागद धरून उभी, आणि अख्खी सभा तिला टाळ्या देतेय. कुणी तिचं तोंड हातानं दाबलं असतं तर निदान तिला चावता आलं असतं. त्या टाळ्यांचा आवाज आठवला की आजही मला शिसारी येते, कारण त्यात माझ्याही होत्या. मला वाटलं तिला धीर येईल.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. "हसत होते गं सगळे."

मतदानाच्या दिवशी शाळांना सुट्टी असते, म्हणून दरवर्षी मी मतदान केंद्रावर बसते. आमच्या वॉर्डाचं केंद्र होमच्याच जेवणघरात. सकाळी सातला दारं उघडली. खिडक्यांबाहेर सरोवर शिशासारखं करडं, वाऱ्याबरोबर पहिला भुरभुर बर्फ. आत कॉफीचा आणि उकडलेल्या सलगमाचा वास. टेबलं भिंतीला लावून मत द्यायचे चार आडोसे उभे केलेले. आमची मुख्य होती मिसेस हॅल्वरसन, शाळेतली गणिताची निवृत्त बाई, नियमांची पुस्तिका छातीशी धरून फिरणारी.

केंद्रावरची माणसं आधी मत देऊन घेतात. मीही सातला घेतलं. सनदेच्या नऊ दुरुस्त्या होत्या, दोन्ही बाजूंनी छापलेल्या. पहिली, सनदेतून घोड्यांच्या पाणपोयांची देखभाल वगळावी काय. दुसरी, जिथं नुसतं 'तो' आहे तिथं 'तो किंवा ती' करावं काय. तिसरी सभेच्या वाराची. चौथी कुठल्याशा स्वल्पविरामाची असावी. मी हो, हो, हो करत गोल काळे करत गेले. बाहेर लोक उभे होते, हॅल्वरसनबाई घड्याळ बघत होती. पान उलटलं आणि सातव्यावर आल्यावर लक्षात आलं, सहावा गोल भरून झालाय. 'हो'चा.

चुकलेली पत्रिका परत देऊन दुसरी मागता येते. हे मला ठाऊक होतं, दिवसभर मी लोकांना तेच सांगणार होते. पण केंद्रावरच्या बाईनंच पहिली पत्रिका चुकवली असं हॅल्वरसनबाईला सांगायची मला लाज वाटली. मी पत्रिका मतं मोजणाऱ्या यंत्रात सारली. यंत्रानं ती गिळली. एवढंच कारण. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

दहानंतर होममधली माणसं यायला लागली. ज्यांना दिसत नाही किंवा हात चालत नाही, त्यांना आपल्या पसंतीच्या माणसाची मदत घेता येते. मदतनीसानं वाचून दाखवायचं, मतदार सांगेल तिथं खूण करायची, आपलं मत सांगायचं नाही. जवळजवळ सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, बर्निस.

पहिली आली इर्मा ड्यूप्री. ब्याण्णव वर्षांची, दोन्ही हात संधिवातानं वळलेले, ओठांना लाली लावलेली. कार्डावरच्या फोटोतली म्हातारी तीच. आडोशामागून दोघींचं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं, कारण इर्माशी ओरडूनच बोलावं लागायचं.

बर्निसनं एकेक दुरुस्ती वाचली. सहावी वाचताना ती संथ झाली. प्रत्येक शब्द सुटा सुटा वाचला, जणू त्यातूनच काहीतरी कळेल.

"हे आपलं कार्डावरचं ना?" इर्मानं विचारलं.

"हो."

"मग हो. तू आहेस ना त्यावर. तू आणि मी."

"इर्मा, कार्ड विसर. हा प्रश्न ऐक. 'कालबाह्य निर्बंध दूर करून...' तुला काय वाटतं याचं?"

"मला काय कळतंय त्यातलं, राणी? तू माझं वाईट करशील का?"

"इर्मा, ते कार्ड मी..."

"मिसेस पिलार्स्की!" हॅल्वरसनबाई आडोशापाशी जाऊन उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती. तिचा चेहरा पडला होता. "समजावून सांगता येत नाही. फक्त वाचायचं. पुन्हा झालं तर मला तुम्हाला बाहेर पाठवावं लागेल, आणि मग यांना कोण आणणार?"

खरंच, कोण आणणार होतं? त्या दिवशी खालच्या मजल्यावर दोनच आया होत्या.

मग इर्मा म्हणाली, "कर ना गं काळं. मला शू लागलीय."

मी पेनचा आवाज ऐकला. कागदावर पेन गोल गोल फिरतं तेव्हा बारीक खरखर होते. बर्निस इर्माची खुर्ची ढकलत यंत्रापाशी आली. इर्मानं पत्रिका दोन मनगटांमध्ये धरून यंत्रात सारली आणि 'मी मत दिलं'चं चिकटपत्र छातीवर लावून घेतलं. "बर्निसलाही द्या एक," ती मला म्हणाली. "तिनं जास्त काम केलं."

अशी अकरा माणसं आली. अकराही जणांना तिनं वाचून दाखवलं. किती जणांसाठी तिनं आपल्या हातानं तो सहावा 'हो' काळा केला ते ती कधीच बोलली नाही. पण "कार्डावर तू होतीस ना" हे वाक्य मी माझ्या टेबलावरून सात वेळा ऐकलं.

बाहेरून येणारेही तिला बघून थांबत. टोपीवरचा बर्फ झटकत एक जण म्हणाला, "अरे, तुम्ही त्या कार्डवाल्या! काळजी करू नका बाई, आम्ही सगळ्यांनी हो म्हटलंय तुमच्यासाठी." तिचा हात हातात घेऊन त्यानं तो जोरजोरात हलवला. तिनं हात सोडवून घेतला नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तशी तो ओशाळून निघून गेला.

होममधल्यांत आर्वो सगळ्यात शेवटी आला. दाढी करून, गळ्याला टाय बांधून.

"वाचू ना?" बर्निसनं विचारलं.

"सहावी फक्त. घोड्यांचं घोडे बघतील." आत गेल्यावर तो म्हणाला, "आणि तू खूण करायची नाहीस. 'नाही' जिथं आहे तिथं माझं बोट ठेव, आणि दुसऱ्या हातात पेन दे."

त्याला बराच वेळ लागला. मागं रांग झाली. हॅल्वरसनबाई नियमांची पुस्तिका उघडून उगाच पानं चाळत उभी राहिली. यंत्रानं ती पत्रिका परत बाहेर ढकलली. शाई गोलाबाहेर गेली होती.

"खराब झाली, मिस्टर लाहती," मी म्हणाले. "दुसरी देऊ का?"

"देऊ का म्हणजे? द्यायचीच."

दुसरी घेतली. या वेळी यंत्रानं घेतली. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या बोटाच्या पेरावर शाई लागली होती आणि शर्टची कॉलर घामानं भिजली होती. मी त्याला चिकटपत्र दिलं. त्यानं चाचपलं, काय आहे विचारलं, आणि मला परत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल सांगितला. नऊच्या नऊ दुरुस्त्या मंजूर. शंभरातले एकसष्ट सहाव्या दुरुस्तीला हो म्हणाले होते. होमच्या केंद्रावर त्याहून जास्त. मी बस चालवत होते. मागं मुलं आरडाओरडा करत होती आणि मी रेडिओचा आवाज कमी केला. घरी येऊन ते कार्ड फ्रिजवरून काढलं. बर्निसकडे जाऊन सांगितलं, की मीसुद्धा हो केलं, चुकून, आणि मग बदललं नाही.

ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, "तू निदान स्वतःच्या पत्रिकेवर केलंस."

जानेवारीत कौन्सिलनं होम विकलं. चार मिनिटं लागली. या वेळी टाळ्या नव्हत्या. सभागृहात लिओ, बर्निस आणि मी, तिघंच होतो. दक्षिणेकडच्या कुठल्याशा कंपनीनं घेतलं. शक्यता तपासून झाल्या होत्या. रँडल त्याच कंपनीत वरच्या जागेवर गेला. निरोपाच्या दिवशी केक होता, आणि त्यानं बर्निससाठी एक तुकडा कागदी बशीत घालून स्वतः वर आणून दिला. तिनं तो त्याच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि बशी धुऊन ठेवली. कागदी बशी. रागाच्या भरातही तिच्या हातांना सवय होती.

आयांना आपल्याच नोकरीसाठी नव्यानं अर्ज करायला सांगितलं. बर्निसनं केला. लिओ म्हणाला, "लाथ मार त्यांना." ती म्हणाली, "मी लाथ मारली तर त्यांना लागणार नाही. इर्माला लागेल." तिला ठेवलं. दोन आयांचं काम एकीकडे आलं.

मार्चमध्ये वरचा मजला बंद करायचं ठरलं. तिथली माणसं कंपनीच्या दुसऱ्या घरांत वाटून टाकली. आर्वोच्या वाट्याला ऐंशी मैलांवरचं गाव आलं, जिथं त्याचं कुणी नव्हतं. भाची म्हणाली, आपण काय करणार. बर्निसनं तीन पत्रं लिहिली, फोन केले, आपल्या घरी ठेवते म्हणून विचारलं. इन्सुलिन आणि जिन्यांचं कारण दाखवून ते नाकारलं गेलं.

आर्वोला न्यायचं होतं त्या सकाळी तिनं मला फोन करून बोलावलं. त्याची एक पेटी आणि रेडिओ खाली न्यायला माणूस नव्हतं. मी वेलदोड्याचा पाव भाजून नेला होता वाटेत खायला. व्हॅन दाराशी इंजिन चालू ठेवून उभी. ड्रायव्हर चाकाची खुर्ची घेऊन वर आला, हातात यादी.

"चला आजोबा, बसा. अजून दोन ठिकाणी जायचंय मला."

आर्वो कोट घालून पलंगाच्या कडेला बसला होता. बर्निस त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होती.

"मी चालत जाणार," तो म्हणाला.

"नियम आहे हो. पडलात तर माझ्यावर येईल."

"तू नवा आहेस का?"

"मी? हो. महिना झाला."

"मग तुला सांगतो. इथं मी अकरा वर्षं राहिलोय. लिफ्टपर्यंत चौसष्ट पावलं आहेत. तू खुर्ची घेऊन पुढं हो, तिथं थांब."

ड्रायव्हरनं बर्निसकडे पाहिलं. तिनं नाडीची गाठ आवळली आणि उठून दारातून बाजूला झाली. तो रिकामी खुर्ची ढकलत पुढं गेला.

आर्वो उभा राहिला. भिंतीवरचा लाकडी कठडा त्यानं डाव्या हातानं धरला आणि चालायला लागला. पहिल्या दारापाशी थांबला, बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. "हेल्मर," तो म्हणाला. आतून खोकल्याचा आवाज आला. पुढचं दार. "मिसेस बोर्डो." ती खोली आदल्याच दिवशी रिकामी झाली होती. आम्हाला ते माहीत होतं, आणि त्यालाही असावं, कारण तिथं तो इतर दारांपेक्षा जरा जास्त थांबला. मग पुढचं. तो प्रत्येक दारावर टकटक करत होता, प्रत्येक नाव घेत होता. कुणी "देव तुमचं भलं करो" म्हणालं, कुणी "कोण आहे?" म्हणालं, आणि कुणी काहीच नाही.

मी पेटी आणि रेडिओ घेऊन मागून चालत होते. माझ्या पुढं बर्निस. तिनं त्याला हात लावला नव्हता. पण तिचे दोन्ही तळवे त्याच्या पाठीपासून चार बोटांवर उघडे धरलेले होते, आणि लिफ्ट येईपर्यंत, चौसष्टच्या चौसष्ट पावलं, तिनं ते खाली घेतले नाहीत.